यापेक्षा मोठी कुणाला लागणार?

२,१४,७४,८३,६४७.

मराठीत वाचायची तर दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. कॉलेजात सी किंवा जावा शिकलेल्यांनी ही संख्या 'इंट'ची मर्यादा म्हणून कधीतरी पाठ केलेली असते. ज्यांनी कोडची एक ओळही लिहिलेली नाही, त्यांच्या फोनमध्येही ती कुठल्या ना कुठल्या अ‍ॅपच्या पोटात बसलेली असतेच.

मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या धंद्यात ही संख्या म्हणजे कुंपण. इथवर मोजता येतं, पुढे गेलात तर काय होईल याची जबाबदारी तुमची. पण संगणक जन्माला यायच्या जवळपास पावणेदोनशे वर्षं आधी हीच संख्या गणितात प्रसिद्ध झाली होती, आणि तीही कुंपण म्हणूनच. तेव्हा ती माणसाला माहीत असलेली सगळ्यात मोठी मूळ संख्या होती. म्हणजे १ आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कशानेही भाग न जाणारी.

दोन्ही वेळा तिच्याकडे बघून माणसं साधारण एकच म्हणाली: यापेक्षा मोठी कुणाला लागणार? दोन्ही वेळा अंदाज चुकला. तो कसा चुकला आणि त्या सगळ्यात काय टिकून राहिलं, त्याची ही गोष्ट.

सहा, अठ्ठावीस आणि एक पाद्री

गोष्टीची सुरुवात एका निरुपयोगी वाटणाऱ्या नादापासून होते. ६ ला १, २ आणि ३ यांनी भाग जातो आणि १ + २ + ३ = ६. २८ ला १, २, ४, ७, १४ यांनी भाग जातो आणि त्यांची बेरीज पुन्हा २८. अशा संख्यांना ग्रीकांनी 'परिपूर्ण' म्हटलं. प्राचीन काळात अशा चारच संख्या माहीत होत्या: ६, २८, ४९६ आणि ८१२८.

इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास युक्लिडने 'एलिमेंट्स'च्या नवव्या खंडाच्या शेवटी त्या बनवण्याची कृती दिली. १ पासून सुरू करा, दुप्पट करत जा आणि बेरीज करत राहा. १ + २ = ३. १ + २ + ४ = ७. १ + २ + ४ + ८ + १६ = ३१. बेरीज मूळ संख्या आली की तिला शेवटच्या पदाने गुणा. ७ × ४ = २८. ३१ × १६ = ४९६. झाली परिपूर्ण संख्या तयार.

या बेरजा नीट पाहिल्या तर प्रत्येक वेळी २ चा कुठलातरी घात वजा १ एवढंच उत्तर येतं: ३, ७, १५, ३१, ६३, १२७. म्हणून खरा प्रश्न असा उरला की २ च्या कोणत्या घातातून १ वजा केला की मूळ संख्या मिळते? घातांक स्वतः मूळ नसेल तर उत्तर कधीच मूळ येत नाही, हे सहज सिद्ध होतं. पण घातांक मूळ असला तरी खात्री नाही. २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि २०४७ = २३ × ८९.

बोलोन्याच्या पिएत्रो कातालदीने १५८८ मध्ये घातांक १७ आणि १९ हाताने तपासले. दोन्ही उत्तरं मूळ निघाली. त्याने ७५० पर्यंतच्या मूळ संख्यांची यादी केली होती आणि ५,२४,२८७ साठी (२ चा १९ वा घात वजा १) ती पुरेशी होती, कारण वर्गमूळाच्या पुढे तपासायची गरज नसते. मग त्याचा उत्साह वाढला. १६०३ च्या पुस्तकात त्याने २३, २९, ३१ आणि ३७ हे घातांकही मूळ संख्या देतात असं ठोकून दिलं. फर्माने १६४० मध्ये २३ आणि ३७ उडवले. ऑयलरने १७३८ मध्ये २९ उडवला. चारांपैकी ३१ तेवढा उरला.

मधल्या काळात या संख्यांना एक आडनाव मिळालं. मारँ मर्सेन हा पॅरिसमधला एक पाद्री. तेव्हा विज्ञानाची नियतकालिकं नव्हती. जे काही नवीन सापडे ते पत्रातून मर्सेनला कळवायचं आणि त्याने ते फर्मा, देकार्त वगैरे मंडळींपर्यंत पोचवायचं, अशी पद्धत. आजच्या भाषेत तो युरोपातल्या गणिताच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा अ‍ॅडमिन होता. १६४४ च्या पुस्तकात त्याने यादी दिली: २५७ पर्यंतचे २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ हेच घातांक मूळ संख्या देतात. इतक्या मोठ्या संख्या त्याने तपासल्या नव्हत्या, हे उघड होतं. पंधरा-वीस अंकी संख्या मूळ आहे की नाही हे ठरवायला सगळा काळ खर्चला तरी पुरणार नाही, असं त्याचं स्वतःचंच मत होतं.

ती यादी पुढे चुकीची निघाली. ६७ आणि २५७ त्यात नको होते. ६१, ८९ आणि १०७ राहून गेले होते. तरी नाव 'मर्सेन संख्या' हेच पडलं.

तीनशे बहात्तर भागाकार

३१ चा निकाल लागला तो सेंट पीटर्सबर्गमध्ये. लिओनार्ड ऑयलरने योहान बर्नुलीला (घराण्यातल्या तिसऱ्या योहानला) लिहिलेलं पत्र बर्लिन अकादमीच्या १७७२ च्या कार्यवृत्तात छापलं गेलं. त्यात त्याने कळवलं होतं की २ चा ३१ वा घात वजा १, म्हणजे आपली २,१४,७४,८३,६४७, मूळ आहे.

या सुमाराला ऑयलर पासष्ट वर्षांचा होता. एक डोळा तरुणपणीच गेला होता. दुसऱ्यात मोतीबिंदू झाला. १७७१ मध्ये शस्त्रक्रिया केल्यावर थोडे दिवस दिसलं आणि मग तोही गेला. त्याच वर्षी शहरात लागलेल्या आगीत राहतं घर जळालं. तरी काम थांबलं नाही. तो सांगायचा आणि मुलगा, सहाय्यक लिहून घ्यायचे.

आता हा प्रश्न एखाद्या आळशी प्रोग्रॅमरसारखा सोडवायचा तर काय कराल? संख्येचं वर्गमूळ येतं ४६,३४० च्या थोडं पुढे. तिथवर सुमारे ४,८०० मूळ संख्या आहेत. प्रत्येकीने भागून बघायचं. हाताने, दहा अंकी संख्येला, ४,८०० वेळा. वेडं व्हायला पुरेसं.

ऑयलरने भागाकार करण्याआधी विचार केला. वरचं २०४७ चं उदाहरण पुन्हा बघा. तिथे घातांक ११ होता आणि अवयव २३ आणि ८९. २३ म्हणजे २ × ११ + १. ८९ म्हणजे ८ × ११ + १. दोघांनाही ११ ने भागलं की बाकी १ उरते. हा योगायोग नाही. फर्माच्या एका प्रमेयावरून सिद्ध होतं की अशा संख्येच्या प्रत्येक मूळ अवयवाला घातांकाने भागल्यावर बाकी १ च उरली पाहिजे. शिवाय आणखी एक अट लागू होते: अवयवाला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च येते. २३ ची ७ येते, ८९ ची १.

३१ साठी या दोन अटी एकत्र केल्या की निष्कर्ष असा निघतो: २,१४,७४,८३,६४७ ला अवयव असलाच तर त्याला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ उरेल. बाकीच्या संख्यांना हात लावायचंही कारण नाही. ४६,३४० पर्यंत अशा संख्या फक्त ३७२ उरतात (६३ स्वतः मूळ नाही, ती सोडून). त्यातल्याही बहुतेक मूळ नाहीत. यादीतली पहिली मूळ संख्या ३११, दुसरी थेट १३०३. अशा गाळत गेलात तर शेवटी ऐंशीच्या आसपास भागाकार उरतात. एकानेही भाग गेला नाही. निकाल लागला.

आम्ही कोड लवकर चालावा म्हणून लूपमधल्या फेऱ्या कमी करतो, त्याचं याहून सुंदर उदाहरण मला माहीत नाही. यंत्र वेगवान करणं हा एक मार्ग. काम मुळातच करायची गरज नाही हे सिद्ध करणं हा दुसरा, आणि ऑयलरकडे दुसराच मार्ग होता.

एवढ्याने या संख्येचं ओळखपत्र तयार झालं. मूळ संख्या. लहानापासून मोजत आलात तर आठवी मर्सेन मूळ संख्या. युक्लिडच्या कृतीने तिच्यापासून बनणारी आठवी परिपूर्ण संख्या १९ अंकी आहे: २३०५८४३००८१३९९५२१२८. आणि एक दुर्मीळ गुण म्हणजे तिचा घातांक ३१ हासुद्धा मर्सेन मूळ संख्याच आहे (२ चा ५ वा घात वजा १). अशा 'दुहेरी' मर्सेन मूळ संख्या आजवर चारच माहीत आहेत: ७, १२७, आपली ही, आणि २ चा १२७ वा घात वजा १.

बार्लोचं भाकीत

१८११ मध्ये पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाने संख्याशास्त्रावर पुस्तक लिहिलं. तो वुलिचच्या लष्करी अकादमीत शिकवायचा. वर्ग, घन, वर्गमुळं यांच्या त्याच्या तक्त्यांचं पुस्तक पुढे शंभराहून जास्त वर्षं अभियंत्यांच्या टेबलावर होतं. म्हणजे माणूस व्यवहारी. १९ अंकी परिपूर्ण संख्येपाशी आल्यावर त्याने लिहिलं, त्याचा आशय असा: याहून मोठी परिपूर्ण संख्या कधीच सापडणार नाही. या संख्या नुसत्या गमतीच्या आहेत, उपयोगाच्या नाहीत, त्यामुळे पुढे जायचे कष्ट कुणी घेणार नाही.

या भाकितात दोन गोष्टी आहेत. एक, या संख्येचा उपयोग नाही. दोन, म्हणून तिच्या पुढे कुणी जाणार नाही. आधी दुसरी गोष्ट कोसळली.

ऑयलरची मूळ संख्या जवळजवळ शंभर वर्षं सगळ्यात मोठी राहिली. १८६७ मध्ये लँड्री या फ्रेंच गणितज्ञाने तेरा अंकी मूळ संख्या शोधून तिला मागे टाकलं. मग १८७६ मध्ये एदुआर ल्युका आला आणि खेळच बदलला. संख्येला अवयव आहेत का, हे एकही अवयव न शोधता कळण्याची युक्ती त्याने काढली.

तिचं आजचं रूप १९३० च्या दशकात डेरिक लेहमरने घडवलं आणि ते शाळेतल्या मुलालाही करता येईल इतकं सोपं आहे. ४ पासून सुरुवात करा. वर्ग करा, २ वजा करा, आणि जी संख्या तपासायची तिने भागून बाकी ठेवा. ३१ साठी बघू: ४ चा वर्ग वजा २ म्हणजे १४. १४ चा वर्ग वजा २ म्हणजे १९४. ३१ ने भागून बाकी ८. ८ चा वर्ग वजा २ म्हणजे ६२. ३१ ने भागून बाकी शून्य. शून्य आलं, म्हणजे ३१ मूळ. घातांकापेक्षा दोन कमी एवढ्याच फेऱ्या लागतात. ३१ चा घातांक ५, म्हणून तीन फेऱ्या. ऑयलरच्या संख्येला २९.

आपल्या पद्धतीने ल्युकाने २ चा १२७ वा घात वजा १ ही ३९ अंकी संख्या मूळ ठरवली, आणि ती पाऊणशे वर्षं अजिंक्य राहिली. १८८३ मध्ये इव्हान पेर्वुशिन या रशियातल्या खेड्यातल्या धर्मगुरूने दाखवलं की घातांक ६१ सुद्धा मूळ संख्या देतो. मर्सेनच्या यादीत तो नव्हता.

६७ मूळ नाही हे ल्युकाने सांगितलं होतं, पण अवयव कुणाला माहीत नव्हते. ऑक्टोबर १९०३ मध्ये न्यूयॉर्कला अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल फळ्यापाशी गेला. त्याने २ चा ६७ वा घात वजा १ ची किंमत काढून लिहिली. शेजारी १९,३७,०७,७२१ × ७६१८३८२५७२८७ हा गुणाकार मांडून केला. दोन्ही उत्तरं सारखी आली. तो एक शब्दही न बोलता जागेवर जाऊन बसला आणि सभागृह टाळ्यांनी दुमदुमलं, असं सांगतात. किती वेळ लागला यावर त्याचं उत्तर होतं म्हणे, तीन वर्षांचे रविवार. बार्लोने ज्याला उपयोग नाही म्हणून कुणी हात लावणार नाही म्हटलं होतं, त्यासाठी एक माणूस तीन वर्षं सुट्ट्या देत होता.

३० जानेवारी १९५२ ला लॉस एंजेलिसमधल्या 'स्वॅक' संगणकावर राफेल रॉबिन्सन यांचा प्रोग्रॅम चालवला. एका दिवसात दोन नव्या मर्सेन मूळ संख्या मिळाल्या, घातांक ५२१ आणि ६०७ च्या. त्यानंतर हा शोध यंत्रांचाच झाला. आज जगभरातले हौशी लोक 'गिम्प्स' या प्रकल्पासाठी आपापल्या संगणकांचा रिकामा वेळ देतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली मर्सेन मूळ संख्या ४ कोटी १० लाखांहून जास्त अंकांची आहे.

एकतीस एक्के

आता तीच संख्या आमच्या गल्लीत कशी आली ते बघू.

संगणक द्विमान पद्धतीत मोजतो, म्हणजे अंक दोनच, ० आणि १. या पद्धतीत आपली संख्या लिहिली तर एकापुढे एक एकतीस एक्के येतात. दशमान पद्धतीत जसे नुसते नऊ भरले की पुढचा आकडा घ्यायला नवीन घर लागतं, तसंच इथे. एकतीस घरं भरली.

१९६४ मध्ये आयबीएमने 'सिस्टिम/३६०' आणली. आठ बिटांचा एक बाइट आणि चार बाइटांचा, म्हणजे ३२ बिटांचा, एक शब्द. यातला पहिला बिट अधिक-उणे चिन्हासाठी गेला की मोजायला ३१ उरतात. हीच मापं पुढे सगळीकडे रुळली. जावाने तर 'इंट' ३२ बिटांचाच असेल हे भाषेच्या नियमातच लिहून टाकलं. अशा रीतीने ऑयलरची संख्या लाखो प्रोग्रॅम्समध्ये 'जास्तीत जास्त' बनून बसली.

ती तिथे मूळ आहे म्हणून बसलेली नाही. ३१ हा अंक हार्डवेअरच्या सोयीने आला आणि तो नेमका योग्य निघाला, एवढंच. १६ बिटांची मर्यादा ३२,७६७ आहे आणि ती ७ × ३१ × १५१ आहे, मूळ नाही.

पूर्ण भरलेल्या या भांड्यात आणखी एक घातला तर काय होतं? मोटरसायकलचा मीटर ९९,९९९ नंतर शून्यावर जातो, तसं. फक्त इथे चिन्हाचा बिट पालटतो आणि आकडा थेट उणे २,१४,७४,८३,६४८ होतो. बऱ्याच भाषांमध्ये प्रोग्रॅम तक्रारही करत नाही. चुकीचं उत्तर घेऊन पुढे चालू लागतो.

डिसेंबर २०१४ मध्ये 'गंगनम स्टाइल' गाण्याचे व्ह्यूज या आकड्यापलीकडे गेले. आपण मोजणी सुरू केली तेव्हा एखादा व्हिडिओ इतक्या वेळा पाहिला जाईल असं वाटलं नव्हतं, असं यूट्यूबने तेव्हा जाहीर केलं. ही वेळ येणार हे ओळखून त्यांनी गणक आधीच ६४ बिटांचा केला होता, त्यामुळे नुकसान काही झालं नाही, गंमत झाली.

पुढच्याच वर्षीची गोष्ट गमतीची नव्हती. २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने बोइंग ७८७ बद्दल आदेश काढला. विमानाची वीज सलग २४८ दिवस चालू राहिली तर जनरेटर नियंत्रित करणाऱ्या सॉफ्टवेअरमधला एक गणक भरून वाहतो आणि सगळे जनरेटर एकदम बंद पडू शकतात. उपाय: तेवढे दिवस व्हायच्या आत वीज बंद करून पुन्हा चालू करा. २४८ दिवसच का? सेकंदाच्या शंभराव्या भागाला एक असं मोजत गेलं तर २,१४,७४,८३,६४७ पर्यंत पोचायला साडेदोनशेला थोडे कमी, २४८ दिवस आणि सुमारे १३ तास लागतात, हे गणित जगभरच्या प्रोग्रॅमर्सनी लगेच करून पाहिलं. ऑयलरच्या यादीतही २४८ च होते. हा निव्वळ योगायोग आहे, पण तो वाचून मी खुर्चीत सरळ बसलो होतो.

सर्वांत मोठं भांडं अजून भरतंय. युनिक्सने वेळ मोजायची सोपी रीत ठरवली: १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले ते मोजायचं. त्याआधी सुरुवातीच्या युनिक्समध्ये सेकंदाचे साठ भाग मोजत, आणि मग ३२ बिट अडीच वर्षांतच भरत. सेकंदावर आल्यावर अडुसष्ट वर्षांची उसंत मिळाली. त्या काळी यंत्राचं आयुष्य पाच-दहा वर्षं, त्यामुळे अडुसष्ट वर्षं म्हणजे अनंतकाळ. ती उसंत १९ जानेवारी २०३८ ला, मंगळवारी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी संपेल. पुढच्या सेकंदाला जुन्या पद्धतीने वेळ ठेवणारं यंत्र समजेल की डिसेंबर १९०१ चालू आहे.

२०३८ अजून लांब आहे असं वाटत असेल तर गृहकर्जाचा विचार करा. २०१९ मध्ये वीस वर्षांसाठी घेतलेल्या कर्जाचा शेवटचा हप्ता २०३९ मध्ये येतो. ती तारीख कुठल्यातरी संगणकाने कर्ज मंजूर होतानाच लिहिलेली असते. भविष्यातल्या तारखा हाताळणाऱ्यांसाठी २०३८ केव्हाच आलेलं आहे. नवे फोन आणि लॅपटॉप ६४ बिटांचे आहेत. लिनक्सच्या गाभ्याने २०२० च्या ५.६ आवृत्तीपर्यंत ३२ बिटी यंत्रांसाठीही सोय केली. पण मायएसक्यूएल या लोकप्रिय डेटाबेसमधला 'टाइमस्टॅम्प' हा प्रकार त्याच सकाळी संपतो. आणि एकदा बसवून विसरलेली यंत्रं, मीटर, कारखान्यातले नियंत्रक, यांचं अपडेट कुणी आपणहून करत नाही.

उपयोग नसलेल्या गोष्टीचा उपयोग

आता बार्लोच्या भाकितातली पहिली गोष्ट. या संख्येचा उपयोग नाही, हे विधान.

गेम खेळताना पत्ते पिसले जातात, वादळाचा अंदाज बांधताना हजारो शक्यता करून पाहिल्या जातात. या सगळ्याला यादृच्छिक, म्हणजे कसलाही क्रम न दिसणाऱ्या, संख्या लागतात. संगणक मुळात शिस्तीचा, त्याला असं बेशिस्त वागता येत नाही. म्हणून तो एक युक्ती करतो: एक संख्या घ्यायची, ठरलेल्या गुणकाने गुणायची, दुसऱ्या ठरलेल्या संख्येने भागायची, जी बाकी उरेल ती पुढची संख्या.

लहान उदाहरण घेऊ. गुणक ३, भाजक ८. १ पासून निघालो की ३, मग ९ ची बाकी १, मग पुन्हा ३. दोन आकड्यांतच चक्कर संपली. आता भाजक ८ ऐवजी ७ घ्या. १, ३, २, ६, ४, ५ आणि मग १. सातपेक्षा लहान सगळ्या संख्या एकेकदा येऊन गेल्या. फरक इतकाच की ७ मूळ आहे. भाजक मूळ असेल आणि गुणक नीट निवडला तर एकही संख्या न गाळता सगळ्यांची फेरी पूर्ण होते.

१९६९ मध्ये लुइस, गुडमन आणि मिलर या तिघांना सिस्टिम/३६० साठी असं यंत्र हवं होतं. भाजक असा हवा की ३२ बिटांत मावेल, शक्य तितका मोठा असेल आणि मूळ असेल. ३२ बिटांत मावणारी चिन्हासह सर्वांत मोठी संख्याच मूळ होती. त्यांनी भाजक २,१४,७४,८३,६४७ घेतला, गुणक १६,८०७ (७ चा ५ वा घात). या जोडीने २,१४,७४,८३,६४६ संख्या एकदाही पुनरावृत्ती न होता मिळतात. १९८८ मध्ये पार्क आणि मिलर यांनी हीच पद्धत 'किमान मानक' म्हणून सुचवली. आज सी++ भाषेच्या अधिकृत संचात ती 'मिनस्टँड' नावाने आहे.

ऑयलरच्या भागाकारांपैकी एखादा चुकला असता आणि ही संख्या खरं तर संयुक्त असती, तर हे सगळं कोसळलं असतं. १७७२ च्या पत्रातला निष्कर्ष दोनशे वर्षांनी एका यंत्राचा पाया झाला, आणि ऑयलरला यातलं काहीही माहीत असायचं कारण नव्हतं.

पेर्वुशिनच्या संख्येचंही तेच झालं. तुमच्याकडे पायथॉन असेल तर २ चा ६१ वा घात वजा १ चा 'हॅश' काढून बघा. नेहमीच्या ६४ बिटी यंत्रावर उत्तर शून्य येईल, कारण पायथॉन संख्यांचा हॅश त्या मूळ संख्येने भागून उरलेल्या बाकीवरून काढतो. ३२ बिटी यंत्रांवर त्याच जागी ऑयलरची संख्या असते. आणि पायथॉनमध्ये यादृच्छिक संख्या देणाऱ्या पद्धतीचं नाव आहे 'मर्सेन ट्विस्टर'. मात्सुमोतो आणि निशिमुरा या दोन जपानी गणितज्ञांनी ती १९९७ मध्ये बनवली. तिची पुनरावृत्ती २ चा १९,९३७ वा घात वजा १ इतक्या पायऱ्यांनंतर होते. ही संख्या ६,००२ अंकी आहे, आणि हीसुद्धा मर्सेन मूळ संख्या आहे.

मिनस्टँडची जागा ट्विस्टरने का घेतली? कारण २१४ कोटी संख्या आता पुरत नाहीत. आजचा साधा लॅपटॉप त्या काही सेकंदांत संपवतो. इथेही तेच.

आमचं रोजचं भाकीत

बार्लोला हसणं सोपं आहे. पण नवीन टेबल बनवताना एखाद्या रकान्याला ३२ बिट देणारा प्रत्येक प्रोग्रॅमर त्याच्याच ओळी पुन्हा लिहीत असतो. इतके ग्राहक कुठून येणार, इतके दिवस हे यंत्र कोण वापरणार, ही सिस्टिम तोवर राहते कुठे. संख्या मोठी आहे हे मत असतं, आणि मतं काळाबरोबर शिळी होतात. ही संख्या मूळ आहे हे मात्र मत नाही. पीटर्सबर्गमध्ये ते जितकं खरं होतं तितकंच पुण्याच्या ऑफिसातही आहे, आणि २०३८ च्या त्या मंगळवारीही असेल.

आता आम्ही सगळे ६४ बिटांच्या घरात राहायला आलो आहोत. नवी मर्यादा ९२२३३७२०३६८५४७७५८०७ आहे. सेकंद मोजायला ती २९,२०० कोटी वर्षं पुरेल. ही मात्र मूळ नाही. तिचा घातांक ६३ आहे आणि तो स्वतःच मूळ नाही, त्यामुळे तिला ७ ने भाग जातो, दोनदा जातो, शिवाय ७३, १२७ आणि ३३७ ने जातो. ऑयलरला हे कागदाशिवाय दिसलं असतं.

पुढच्या वेळी एखादा रकाना आखताना 'इंट' टाइप करण्याआधी थांबा आणि यात काय मोजलं जाणार आहे ते विचारा. आणि एखाद्या जुन्या सिस्टिमची जबाबदारी तुमच्याकडे असेल, तर तिच्यातल्या घड्याळात आज १९ जानेवारी २०३८, सकाळी ८:४४:०० ही वेळ लावून पाहा. पुढची सात सेकंद काहीही होणार नाही. त्यानंतरच्या सेकंदाला काय होतं, ते बघून ठेवा.